नावाहो आज्यांचा माग आणि दुकानदाराची खतावणी

गनाडो, टू ग्रे हिल्स, टीक नोस पोस, क्रिस्टल, वाइड रूइन्स. अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींच्या रगांच्या जाणकारापुढे यातलं एक नाव उच्चारलं की तो रग न बघता रंग सांगतो. गनाडो म्हणजे गडद लाल. टू ग्रे हिल्स म्हणजे न रंगवलेल्या लोकरीचे करडे, तपकिरी, काळे, पांढरे. वाइड रूइन्स म्हणजे झाडपाल्याच्या रंगांचे आडवे पट्टे. अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातली ही ठिकाणं जगाला माहीत झाली ती तिथल्या व्यापारी दुकानांमुळे. म्हणजे रगाला नाव मिळालं ते दुकानाच्या ठिकाणाचं. ज्या बाईने मेंढी पाळली, लोकर कातली, महिनोन्‌महिने मागापुढे बसून तो रग विणला, तिचं नाव जुन्या रगांसोबत क्वचितच सापडतं.

मी आयुष्यभर वस्त्ररंगाई शिकवली. मुलगा आल्बुकर्कीला नोकरीला लागला, तेव्हापासून या रगांकडे मी आधी रंगांसाठी बघू लागले आणि मग त्यांचा इतिहास वाचत गेले. पुस्तकांत हा इतिहास बहुतेक वेळा नक्षीचा म्हणून सांगितलेला असतो: पट्टे आले, मग चौकटी, मग शंकरपाळ्यासारख्या आकृत्या. माझ्या मते तो दराचा इतिहास आहे. किंमत कोणी ठरवली, पैसे कोणाच्या हातात पडले आणि म्हातारपणी त्या विणकरणीच्या घरात काय उरलं, हे विचारत गेलं की नक्षीचे बदलही नीट उलगडतात.

नावाहो लोक स्वतःला दिने म्हणवतात. त्यांची श्रद्धा अशी की विणणं त्यांना कोळी-आजीने शिकवलं. कॅन्यन डी शेय या दरीत सुमारे आठशे फूट उंच उभा सुळका आहे, तिथे तिचं घर. अभ्यासक सांगतात की शेजारच्या प्वेब्लो लोकांकडून सतराव्या शतकाच्या सुमारास ही विद्या त्यांच्याकडे आली. मला या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येताना दिसत नाहीत. प्वेब्लोंमध्ये विणकाम पुरुषांचं होतं, नावाहोंमध्ये ते मुख्यतः बायकांचं झालं. मेंढ्या स्पॅनिश लोकांनी आणल्या. त्यातली चुरो जातीची मेंढी या कोरड्या मुलखाला फार मानवली. तिची लोकर लांब, सरळ आणि कमी तेलकट. जिथे प्यायला पाणी लांबून आणावं लागतं, तिथे न धुताही कातता येईल अशी लोकर म्हणजे केवढी सोय!

त्यांचा माग उभा असतो. त्याला पावडी नाही, धोटा नाही. एकच अखंड धागा वरखाली फिरवून ताणा लावायचा, बाणा बोटांनी भरायचा, लाकडी फणीने ठोकून बसवायचा आणि खालून वर विणत जायचं. ताणा कुठेच कापायचा नसल्यामुळे रगाच्या चारही कडा बंद असतात. शेवटची दोन-तीन बोटं विणताना ताणा इतका घट्ट झालेला असतो की बाणा सुईने ओवावा लागतो. विणण्याच्या आधी लोकर कातरणं, पिंजणं, टकळीवर दोन-दोनदा कातणं आहेच, आणि त्यालाच विणण्याहून अधिक वेळ जातो. मध्यम आकाराच्या एका रगामागे काही शे तास सहज जातात.

जुन्या ब्लँकेटांमधला लाल रंग हा माझा जिव्हाळ्याचा विषय. नावाहो मुलखात पक्का, झळझळीत लाल देणारा रंग सहज मिळत नव्हता. म्हणून बायका व्यापारात आलेलं बायेटा नावाचं लाल लोकरी कापड घ्यायच्या, ते धाग्याधाग्याने उसवायच्या आणि तो धागा आपल्या ब्लँकेटात विणायच्या. जो बेन व्हीट या संशोधकाने अशा शेकडो कापडांचा अभ्यास केला, धाग्यांची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा दिसलं की एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या बऱ्याच लाल धाग्यांचा रंग लाखेचा आहे. पुढे तिची जागा कोचिनील किड्याच्या रंगाने घेतली. लाख म्हणजे आपल्या पळसावर, बोरीवर, कुसुमावर वाढणाऱ्या किड्याची. भारतातून आणि आग्नेय आशियातून ती युरोपात जाई, तिथे कापड रंगे, ते कापड स्पॅनिश मुलखांतून सांता फेपर्यंत पोचे, आणि तिथून नावाहो बाईच्या बोटांत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. वर्गात लाखेचा रंग शिकवताना मी त्याला इतका लांब गेलेला कधी कल्पिलं नव्हतं.

त्या काळात विणकरीण कोणाची मिंधी नव्हती. तिची ब्लँकेटं इतकी घट्ट होती की त्यांतून पाणी झिरपत नाही अशी ख्याती होती. यूट आणि मैदानी जमातींचे सरदार ती मोठ्या मोलाने घेत. देवघेव दोन बरोबरीच्या माणसांमध्ये होई.

हे सारं 1863-64 मध्ये मोडलं. अमेरिकी सैन्याचा किट कार्सन या मुलखात शिरला. लढाया थोड्या झाल्या, जाळपोळ फार. मक्याची शेतं जाळली, मेंढ्या मारल्या किंवा हाकलून नेल्या, कॅन्यन डी शेयमधली पीचची झाडं तोडली. उपाशी पडलेल्या लोकांना तीनशे मैलांहून अधिक अंतर पायी चालवत बोस्के रेदोंदो इथल्या छावणीत नेलं. आठ हजारांवर माणसं तिथे कोंडली गेली, आणि भूक व रोगराईने त्यांतली पुष्कळ मेली. 1 जून 1868 रोजी तह झाला. आपल्याच जमिनीच्या एका तुकड्यावर परतायची मुभा मिळाली, आणि सरकारने पंधरा हजार शेळ्या-मेंढ्या देण्याचं कबूल केलं. माणशी जेमतेम दोन. नावाहो बायकांनी त्या मेंढ्या खाल्ल्या नाहीत. पोटाला चिमटा घेऊन वाढवल्या. नावाहोंच्या पुढच्या दोन पिढ्या त्या कळपांवर जगल्या, हे मी मुद्दाम लिहिते, कारण इतिहासात सैनिकांची आणि व्यापाऱ्यांची नावं येतात, कळप राखणाऱ्या आज्यांची येत नाहीत.

1881 च्या सुमारास रेल्वे आली आणि तिच्यासोबत गिरणीची स्वस्त ब्लँकेटं. नावाहो स्वतःच ती पांघरू लागले. हातविणीला आता गिऱ्हाईक कुठलं? ते व्यापाऱ्यांनी शोधलं: पूर्वेकडच्या शहरांतली घरं, जिथे जमिनीवर अंथरायला काहीतरी वेगळं हवं होतं. ब्लँकेट जाड झालं, त्याला किनार आली, त्याचा रग झाला. त्यातच 1893 च्या मंदीत लोकरीचे भाव कोसळले. कच्ची लोकर पाठवण्यापेक्षा विणलेली लोकर पाठवणं व्यापाऱ्याच्या फायद्याचं ठरलं. रगांचं पीक वाढलं ते त्यामुळे.

या व्यापाऱ्यांतला सर्वांत नावाजलेला म्हणजे लोरेंझो हबेल. 1878 पासून त्याचं दुकान गनाडोला होतं. ते आजही चालू आहे, राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून. मी तिथे गेले आहे. पाय टाकला की लाकडी जमीन करकरते. तीन बाजूंना रुंद, उंच फळ्या, गिऱ्हाईक मधल्या खोलगट जागेत उभं, आणि दुकानदार फळीपलीकडे. पिठाची, कॉफीची, साखरेची जागा, वरती टांगलेले खोगीर आणि दोर. शेजारच्या खोलीत रगांच्या चळती, आणि भिंतीवर लहान लहान चित्रं. ई. ए. बरबँक आणि इतर चित्रकारांकडून हबेलने रगांच्या नक्ष्या रंगवून घेतल्या होत्या. विणकरणीला चित्र दाखवायचं आणि सांगायचं, असा विण.

क्रिस्टलचा जे. बी. मूर त्याहून पुढे गेला. 1903 आणि 1911 साली त्याने रगांच्या छापील यादीपुस्तिका काढल्या, टपालाने मागणी घेतली. त्याच्या नक्ष्यांत इराण-कॉकेशसच्या गालिच्यांची छाया स्पष्ट दिसते. फ्रेड हार्वी कंपनीने रेल्वेच्या हॉटेलांतून रग विकले. अशा रीतीने गावोगावच्या शैली घडल्या.

हबेल वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्याने लोकांची पत्रं वाचून दिली, देवीच्या साथीत आजाऱ्यांची शुश्रूषा केली, भडक रासायनिक रंग आणि सुती ताणा वापरू नका म्हणून आग्रह धरला. माझ्यासारख्या रंगाईवालीला तो आग्रह पटतो. पण त्याची खतावणी वेगळं बोलते. रग पुष्कळदा वजनावर घेतले जात. तराजूत टाकायचा आणि पौंडाला इतके. मग विणकरणीने लोकर कमी धुतली, तेल आणि वाळू राहू दिली, तर तिला लबाड ठरवायचं! कौशल्याला दर नाही आणि वजनाला आहे, तेव्हा वजन वाढवणं हाच तिच्या हातातला शहाणपणा होता. पैसे रोख मिळत नसत. मिळे ते वाणसामान, किंवा त्याच दुकानात चालणारी पत्र्याची नाणी. सोन्यानाण्यासारखं जपलेलं चांदी-पिरोजाचं लेणं गहाण, पीठ उधार, आणि रग आला की उधारीत जमा. आपल्याकडे सावकाराच्या वहीत एकदा नाव चढलं की ते उतरत नसे, तशीच ही वही.

हबेलची हजारो कागदपत्रं टूसानच्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात जपलेली आहेत. कॅथी मॅक्लॉस्की या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं ती चाळली आणि 2002 साली पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की लोकरीच्या चढउतारात व्यापाऱ्यांना तारलं ते या बायकांच्या रगांनी, आणि रगांचं उत्पादन वाढत गेलं तरी विणकरणी गरीबच राहिल्या. व्यापाऱ्यांचे वंशज आणि काही अभ्यासक त्यांच्याशी वाद घालतात. मला मात्र मॅक्लॉस्कींचा मुद्दा खोडता येण्यासारखा वाटत नाही.

तरी बाईच्या हातात मेंढ्या होत्या तोवर ती पार निराधार नव्हती. दिने समाज आईच्या वंशाने चालतो. घर, कळप, माग आईकडून मुलीकडे येतो. 1930 च्या दशकात सरकारने त्या कळपावरच हात टाकला. चराऊ रानं उघडी पडली आहेत, माती वाहून नव्या हूवर धरणात गाळ साचेल, अशी भीती अधिकाऱ्यांना होती. आदिवासींचा कारभार बघणाऱ्या इंडियन खात्याचा आयुक्त जॉन कॉलियर याच्या कारकिर्दीत पशुधन कमी करायची मोहीम निघाली. दहा लाखांच्या घरातली मेंढ्या-शेळ्यांची संख्या काही वर्षांत निम्म्यावर आली. लांबवर नेणं परवडत नाही म्हणून पुष्कळ जनावरं जागच्या जागी गोळ्या घालून मारली आणि कुजायला टाकली. कळपाच्या मालकीण बायका होत्या, पण चर्चा झाली ती पुरुषांच्या परिषदेशी. जमीन खरोखर थकली होती, हे मी मान्य करते. पण ज्या घरात म्हातारीचं निवृत्तिवेतन म्हणजे तिच्या मेंढ्या, त्या घरातून त्या काढून नेताना तिला विचारलंही नाही, याला क्षमा नाही.

चुरो जातीची हानी आधीच सुरू झाली होती. मांस आणि बारीक लोकर हवी म्हणून सरकारने राम्बुइये जातीचे मेंढे आणले. त्यांची लोकर आखूड, कुरळी, तेलकट. हातकताईला निरुपयोगी. 1970 च्या दशकात अस्सल चुरो साडेचारशेही उरल्या नव्हत्या. 1977 साली प्राध्यापक लाइल मॅकनील यांनी आडरानातल्या, दुर्गम वस्त्यांतल्या चुरो शोधून त्यांची पैदास सुरू केली आणि त्या मेंढ्या पुन्हा नावाहो घरांत नेऊन दिल्या. जिथे कुणी म्हातारी हट्टाने जुन्या मेंढ्या राखून होती, तिथेच त्या टिकल्या होत्या.

दुकानदाराला वगळून विकायचे प्रयत्न 1941 च्या नावाहो कारागीर संघापासून झाले. पण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो क्राउनपॉइंटचा लिलाव. न्यू मेक्सिकोतल्या या लहानशा गावी 1968 साली तो सुरू झाला. अनेक वर्षं तो महिन्यातल्या एका शुक्रवारी शाळेत भरत आला. संध्याकाळी विणकरणी रग घेऊन येतात, आपली किमान किंमत स्वतः लिहून देतात, रग टेबलांवर मांडले जातात, गिऱ्हाइकं उलटसुलट करून बघतात आणि मग बोली सुरू होते. विणकरांच्या संघाचा थोडा हिस्सा वजा जाता पैसे तिचे. किमान किंमतही आली नाही तर रग घेऊन ती घरी जाते. ‘नाही’ म्हणायचा हक्क तिला त्या शाळेच्या खोलीत मिळाला.

मी तिथे गेले होते ती इरकल नेसून. एका आजीशेजारी बसले होते, सोबत तिची नात दुभाष्याचं काम करत होती. आजींनी मला काही विचारण्याआधी माझा पदर हातात घेतला, उलटा केला आणि पदर जिथे अंगाला जोडला जातो त्या रेषेवरून अंगठा फिरवला. इरकलीत पदराचा ताणा निराळा असतो, आणि तो फासे घालून अंगाच्या ताण्यात गुंतवलेला असतो. बहुतेक नेसणाऱ्यांनाही हे माहीत नसतं. आजींना क्षणात कळलं. मग नातीने सांगितलं, आजी विचारते आहे, हे विणणाऱ्या बाईला किती मिळाले? मला उत्तर देता आलं नाही. दुकानात मी काय दिले ते ठाऊक होतं, तिला काय पोचलं ते मी कधी विचारलंच नव्हतं.

या आज्यांचं जगणं किती अवघड आहे ते नकाशावरून कळत नाही. नावाहो नेशन सत्तावीस हजार चौरस मैलांचं, अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको, यूटा अशा तीन राज्यांत पसरलेलं. जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या घरांत अजून नळाचं पाणी नाही. पिंपात भरून गाडीतून पाणी आणायचं, हिवाळ्यात लाकूड जाळायचं, मेंढ्यांना चारा विकत घ्यायचा. एका रगाच्या पैशात या गोष्टी असतात, शिवाय नातवंडांच्या वह्या आणि गाडीचं पेट्रोल.

ब्लॅक मेसा भागात तर रग हे लढ्याचं साधन झालं. 1974 च्या कायद्याने नावाहो आणि शेजारची होपी जमात यांच्यात जमिनीची वाटणी झाली आणि दहा हजारांहून अधिक नावाहोंना घरं सोडावी लागली. त्याच परिसरात कोळशाच्या मोठ्या खाणी चालू होत्या. काही आज्या उठायला तयार झाल्या नाहीत. त्यांतल्या रॉबर्टा ब्लॅकगोट मेंढ्या राखत, रग विणत, आणि जगभर जाऊन आपली बाजू मांडत. 2002 साली त्या वारल्या, तोवर त्यांनी जागा सोडली नाही. त्यांच्यासारख्यांना तगून राहायला बाहेरच्या मित्रांनी रग आणि लोकर योग्य भावाने विकून हातभार लावला. यूटामधला ‘अ‍ॅडॉप्ट अ नेटिव्ह एल्डर’ हा लिंडा मायर्स यांनी सुरू केलेला उपक्रमही 1980 च्या दशकातला. वृद्धांना धान्य, सरपण, विणकरणींना सूत, आणि वर्षातून एकदा रगांचं प्रदर्शन, जिथे आज्या स्वतः हजर असतात. धान्याच्या खोक्यापेक्षा मी त्या प्रदर्शनाला अधिक मान देते. खोकं दिलं की माणूस घेणारा होतो. रगाचा पुरा दर दिला की व्यवहार होतो, आणि व्यवहारात दोघांची मान ताठ राहते.

विणकरणींची नावंही हळूहळू पुढे आली. टू ग्रे हिल्सच्या डेझी टॉगेल्ची इंचाला शंभराहून अधिक बाण्याचे धागे बसवत. 2004 साली त्यांचं विणकाम अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आलं. दुसरीकडे, 2012 साली कॅलिफोर्नियातल्या एका लिलावात एकोणिसाव्या शतकातलं एक सरदारी ब्लँकेट अठरा लाख डॉलरला गेलं. ते विणणारी कोण होती याची नोंद नाही आणि तिच्या वंशजांना त्यातला एक सेंटही गेला नाही.

आता आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. नावाहो नक्षीच्या नकला मेक्सिकोत होतात आणि भारतातही होतात. आपल्या यंत्रमाग-हातमागांवर विणलेल्या, ‘साउथवेस्ट’ नक्षीच्या म्हणून खपणाऱ्या सतरंज्या अमेरिकेतल्या दुकानांत अस्सल रगाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी किमतीत मिळतात. त्या विणणारा आपला कारागीरही गरीब आहे, त्याचं पोट मी नाकारत नाही. नक्षी बघून विणणं हा गुन्हाही नाही. पण तो माल नावाहो म्हणून विकणं हा 1990 च्या कायद्याने अमेरिकेत गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते एका आजीच्या चुलीतलं लाकूड काढून नेणंच ठरलं असतं.

म्हणून फीनिक्स, आल्बुकर्की, डेन्व्हर, सॉल्ट लेककडच्या मराठी घरांना माझी विनंती आहे. रग हवाच असेल तर आधी त्याच्या दोन टोकांकडे बघा. ताणा कापून गोंडे सोडलेले दिसले तर बहुधा तो नावाहो मागावरचा नाही. विणणारीचं नाव आणि गाव विचारा, विकणाऱ्याला ते सांगता आलं नाही तर घेऊ नका. घासाघीस करू नका. जमलं तर लिलावाला किंवा प्रदर्शनाला जा आणि पैसे तिच्याच हातात द्या. आणि ज्यांचा सतरंज्यांच्या निर्यातीशी संबंध आहे त्यांनी आपल्या मालावर ‘भारतात विणलेलं’ हे दोन शब्द ठळक छापावेत.